कौतिकामायचा सांडवा

मोटार म्हणजे काय हे येरंडीत कुणाला ठाऊक नव्हतं आणि आजचा हमरस्ता म्हणजे नुसती मातीची गाडवाट होती, तेव्हाची ही गोष्ट. फार वर्षं झाली. नेमकी किती, ते सांगणारं कुणी उरलं नाही.

वाटेच्या एका अंगाला डोंगर होता आणि दुसऱ्या अंगाला बाकडी नदी. आधी येरंडी लागायचं, मग सावरटोला, आणि त्याच्या पलीकडे बाजाराचं गाव. मीठ तिकडून यायचं, धान तिकडे जायचं. आणि जिच्या हाताला यश होतं अशी एकुलती एक सुईण, तीही तिकडेच राहायची.

पण दर पावसाळ्यात डोंगराचं पाणी धावत खाली यायचं आणि वाट फोडून नदीत जायचं. फुटायची म्हणजे कशी? बैलगाडी उभीच्या उभी गडप होईल एवढं भगदाड पडायचं. मग दिवाळीपर्यंत येरंडी एकीकडे आणि सगळं जग दुसरीकडे.

यावर लोकांनी एक उपाय काढला होता. अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी सगळं गाव डफ वाजवत वाटेवर यायचं आणि घराघरातली बाई टोपली टोपली माती टाकून वाट उंच करायची. येरंडीनं उंच केली की पाणी सावरटोल्याकडे सरकायचं आणि त्यांची वाट फुटायची. मग पुढच्या वर्षी सावरटोलेवाले आणखी उंच करायचे. अशी पिढ्यान् पिढ्या चढाओढ चालली होती. वाट एवढी उंच झाली की त्या गावातल्या बाया पाण्याला निघाल्या तर या गावातून दिसायच्या.

"तुमची वाट म्हणजे उंदरानं उकरलेली माती!" ते तिकडून ओरडायचे.

"आणि तुमची? कोंबडीनं पाय झाडले का बसते खाली!" हे इकडून.

अशा गावात कौतिका सून होऊन आली. तिचं माहेर लांबचं, तळ्यांच्या मुलखातलं. तिच्या घरचे लोक पिढीजात तळी बांधणारे. अंगानं किरकोळ, बोलायला हळू, आणि वीज कडाडली तर सगळ्यांआधी दचकणारी, असं म्हणतात. मला ती त्यामुळेच आवडते.

ती आली त्याच पावसाळ्यात तिची थोरली जाऊ बाळंतपणात अडली. गाडी जुंपली, पण वाट फुटलेली होती. भगदाडाच्या काठावर बैल उभे राहिले. गाडी ना पुढे जाईना, ना मागे वळेना. थोरली जाऊ तिथेच, गाडीत, गेली. तिचा हात कौतिकाच्या हातात होता.

पुढं धाकट्या जावेला, रुखमाला, दिवस राहिले. भादव्यात भरणार होते. भादवा म्हणजे ऐन पुराचे दिवस. रुखमा भाकरी थापता थापता थांबायची आणि दारातून वाटेकडे बघत बसायची.

तिचं ते बघणं कौतिकाला सहन होईना. ती डोंगराच्या पायथ्यापासून वाटेच्या कडेकडेनं फिरू लागली. गेल्या पुरानं बाभळींच्या फांद्यांना काडीकचरा लटकवून ठेवला होता. पाणी कुठं किती चढलं, कुठं तुंबलं, ते त्यावरून दिसत होतं. असं म्हणतात की झाडंच तिला वाकून दाखवायची, हे बघ, इथपर्यंत आलं होतं. सावरटोल्याचे लोक म्हणतात, झाडं नाही, बगळे दाखवायचे. ते असो.

अक्षय तृतीयेचा दुसरा दिवस आला. डफ वाजले. बाया ओळीनं येऊन माती टाकू लागल्या. कौतिकाची पाळी आली. तिनं रिकामी टोपली खाली ठेवली, कुदळ मारली, वाटेचीच माती टोपलीत भरली आणि उचलून कडेला फेकून दिली.

डफ थांबले.

"सुनबाई," तिचे सासरे आडकूजी म्हणाले, "डोकं फिरलं का वो तुयं?"

तिनं कुदळ खाली ठेवली. आणि हळूच बोलली. "मामाजी, आपण वाट नाही बांधली. आपण बांध बांधला. माह्या माहेरी बांध घातला का आधी सांडवा ठेवतेत, जास्तीचं पाणी जायाले. सांडवा नसला तर तळं एक पावसाळा टिकत नाही. आपल्या बांधाले सांडवाच नाही. मग पाणी सोताच्याच हातानं तो पाडते."

सावरटोल्याचा बळीराम तिथे मजा बघायला आला होता. तो पोट धरून हसला. "पाडा बाप्पा, पाडा! तुमची वाट जितकी खाली, तितकी आमची वर!"

"कुठं पाडाचा म्हणते सांडवा?" आडकूजींनी विचारलं.

कौतिकानं बोट दाखवलं आणि सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. वाटेच्या खाली, नदीच्या बाजूला, तिथं आडकूजींच्या घरची सगळ्यात कसदार धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, होती. सांडवा पडला की सगळं पाणी त्या बांधीतून नदीला जाणार. म्हणजे त्या साली घरचं धान गेलंच.

आडकूजी बराच वेळ बांधीकडे बघत राहिले. मग त्यांची नजर मोहाच्या झाडाखाली गेली. तिथं रुखमा पोटावर हात ठेवून बसली होती. त्यांनी शेजारच्याच्या हातातलं फावडं ओढून घेतलं.

"धान पुढच्या साली येते," ते म्हणाले आणि खणायला लागले.

मग सगळं गाव खणू लागलं. उभा खड्डा नाही, लांबच लांब, ताटासारखा पसरट उतार. बैल सहज उतरतील आणि सहज चढतील असा. त्यावर दगड उभे ठोकून घट्ट बसवले, म्हणजे पाणी वरून जाईल पण माती नेणार नाही. दोन्ही कडांना सागाचे खुंट रोवले आणि प्रत्येक खुंटाला खालून हातभर चुना लावला. चुना बुडाला की गाडी थांबवायची, चुना उघडा पडला की हाकायची. असं म्हणतात की डोंगरातले दगड रात्रीतून आपले आपण गडगडत खाली यायचे आणि सकाळी कौतिकाच्या पायाशी पडलेले असायचे. येरंडीच्या म्हाताऱ्या मात्र सांगतात, दगड बायांनी डोक्यावरून आणले, आणि त्यांच्या माना महिनाभर दुखत होत्या.

भादवा आला. आभाळ फाटलं. आणि नेमक्या त्याच दिवशी, दुपारी, रुखमाच्या पोटात कळ उठली.

गाडी निघाली. सांडव्याशी पोचली तर पाणी वरून चाललेलं, या कडेपासून त्या कडेपर्यंत, चादर अंथरल्यासारखं. चुना दिसत नव्हता. पलीकडच्या काठावर सावरटोल्याचं अख्खं गाव गोळा झालेलं. त्यांच्या घरांत शिरू पाहणारं पाणीसुद्धा सांडव्याकडे वळून निघून जात होतं, आणि ते तोंड उघडं टाकून बघत होते. हसत कुणी नव्हतं.

रुखमा ओरडली. गाडीवानानं कासरा सैल सोडला.

"हाक ना रे!" कुणीतरी किंचाळलं. "मरते ना ती!"

कौतिका धावत बैलांच्या पुढ्यात उभी राहिली. "थांबा जी! आता पाण्याची पाळी आहे. त्याची झाली का आपली. जोर ओसरला दिसते, वाट कुठं फुटली नाही. थांबा!"

मग ती पाण्यात उतरली. वीज कडाडली, पण त्या दिवशी ती दचकली नाही. खुंट धरून ती उभी राहिली, पाणी मांडीपर्यंत. असं म्हणतात की नदीनं तिला विचारलं, तुझी भीती कुठं गेली? आणि ती म्हणाली, गाडीत बसली आहे, तिला वाट दे. असं म्हणतात की त्यावर पाणी खाली वाकलं. मांडीवरून गुडघ्यावर आलं, गुडघ्यावरून पोटरीवर, आणि खुंटांवरचा चुना एकामागून एक पांढरा चमकू लागला. ऐकतानाही माझ्या अंगावर काटा येतो.

"हाका आता!"

चाकं दगडांवर खडखडली. एकही दगड हलला नव्हता. पलीकडून बळीराम पाण्यात धावत आला आणि त्यानं बैलांची वेसण धरून गाडी वर ओढली. सावरटोल्याच्या ताज्या दमाच्या बैलांची जोडी तयारच होती. दिवस मावळायच्या आत बाजाराच्या गावातून निरोप आला. मुलगी झाली, दोघी सुखरूप. दोन्ही गावांचे डफ एकदम वाजले, असे की पाऊस ऐकू येईना.

पाणी उतरलं तेव्हा आडकूजींच्या बांधीत गाळाचा थर बसलेला होता. पुढच्या साली त्यात उभा माणूस दिसू नये एवढं धान आलं. आणि वैशाखात बळीराम येरंडीत येऊन उभा राहिला.

"वहिनी," तो म्हणाला, "आमची वाट कुठं फोडाची ते दाखवा. पण आमच्या लोकांचं डोकं फोडावं लागंल आधी, ते लई कडक आहे."

"तुमच्यापासूनच सुरू करू मग," कौतिका म्हणाली. ती मोठ्यानं हसल्याचं तेवढं एकदाच लोकांना आठवतं.

असे सांडवे पडत गेले, गावामागून गाव, थेट बाजारापर्यंत. कौतिका म्हातारी झाली, कौतिकामाय झाली. शेवटी एका पावसाळ्यात ती पाण्याची उंची बघायला म्हणून गेली आणि धुक्यातून परत आलीच नाही. असं म्हणतात की ती अजून खुंट तपासत फिरते.

आता तिथं डांबरी हमरस्ता आहे. पुष्कळ ठिकाणी रुंद मोऱ्या झाल्या, उंच पूल झाले. पण येरंडीचा उतार तसाच ठेवला आहे, फक्त दगडांच्या जागी काँक्रीट आलं. मोठा पाऊस झाला की काही वेळ तो पाण्याखाली जातो. तेव्हा दोन्ही काठांवर चुली पेटतात. अडकलेल्या एसटीतले, ट्रकवाले, सगळे खाली उतरतात आणि त्यांच्यापुढे पळसाच्या पत्रावळीवर गरम भात आणि वरण येतं. एखादा ड्रायव्हर घाईला येऊन विचारतो, "मावशी, कधी सुटंल रस्ता?" मावशी म्हणते, "जेव ना बाप्पा आधी. भात थंडा होते."

आणि खुंटावरचा चुना उघडा पडला की पहिली गाडी कुणाची, ते ठरलेलं आहे. जिच्यात अडलेली बाई असेल, आजारी माणूस असेल, तिची. मोठ्या साहेबाची गाडी असली तरी ती मागे. बाकी सगळे हातातला घास तसाच धरून उभे राहतात. ती गाडी सावकाश उतरते, पाणी उडवत चढते आणि पलीकडे लागते. मग ती कुणाचीही असो, दोन्ही काठ एका आवाजात ओरडतात, "कौतिकामायची गाडी लागली पार!"