तेल लावायचं कुणी

"आक्का, हिला तेल देताय, का हिच्या माहेरी फोन लावू, घेऊन जा म्हणून? तेवढं सांगा."

कांताबाई पायरीवर टेकलीसुद्धा नाही. मठात दर गुरुवारी पोथी वाचणारी बाई ती, सगुणाक्कांची जुनी शिष्या. तोराही तसाच. मागं तिची सून निलम, पदर कपाळापर्यंत ओढलेली. निलमचा हात सारखा डोक्याकडं जाई आणि अर्ध्यातच थांबे.

मठात औषध देणाऱ्या सगुणाक्का तेलासाठी करंजाच्या शेंगा फोडत होत्या. "काय झालंय?"

"डोक्यातनं खवले पडतात हो. उशीवर, ताटात, देवापुढं... रात्रभर खराखरा खाजवते. हिच्या हातचं खायचं कसं माणसानं?"

"एकाचं दुसऱ्याला लागत नसतं ते."

"डॉक्टरपण तेच म्हणाला. पण बघवत नाही ना!"

"तेल?"

"सगळी झाली. खोबरेल झालं, निंबाचं झालं, तिळाचं झालं. बाटल्या मी स्वतः आणून दिल्या. काही कमी पडू दिलं नाही."

"दिल्यास. लावलं कुणी?"

"तिचं तिनं! हात नाहीत का तिला?"

आक्का उठल्या. निलमचा पदर मागं सारला. पुढचं डोकं तेलानं चपचपीत. मागं, मानेच्या वर, खपल्यांचा जाड थर. कोरडा ठाक.

"मागचं हिला दिसत नाही," आक्का म्हणाल्या. "रक्त आलंय तिथं लावायचं नाही. बाकीच्या खपल्या भिजू द्यायच्या, ओढायच्या नाहीत. हात पुढं कर."

निलमनं हात पुढं केला.

"तू नाही गं. कांता, तू."

"मी?... सासू आहे मी, आक्का!"

आक्कांनी बाटलीचं बूच काढलं, कांताबाईचा हात धरला. खोबरेलात कालवलेलं करंजाचं तेल तिच्या तळव्यावर ओतलं. कडवट वास सुटला. तेल बोटांतनं गळायला लागलं. कांताबाईनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. पुसायला फडकं नाही, अंगावर कोरं लुगडं.

"सांडतंय," आक्का म्हणाल्या.

"लावते की! त्यात काय एवढं? मला काय माया नाही?"

आणि कांताबाईनं हात वर उचलला.

निलम चटकन खाली वाकली. दोन्ही कोपरं तोंडावर.

...

कांताबाईचा हात वरच राहिला. तेल फरशीवर टपटपत राहिलं.

आक्कांनी बाटलीला बूच लावलं.

"कांता," त्या निलमच्या कोपरांकडं बघत हळू म्हणाल्या, "हे कधीपासनं आहे?"