कोऱ्या कपाळाचं पान

सरकारी कागद कपाटांतून नुकतेच वेबसाइटवर राहायला गेले होते, तेव्हाची ही गोष्ट. त्यांच्याबरोबर जुनी चिठ्ठीआजीही गेली. ती प्रत्येक पानाच्या कपाळावर चार गोष्टी लिहायची: खातं, विषय, तालुका, तारीख.

"लोकांचे प्रश्न घेऊन येणारा शोधक आंधळा आहे, बहिराही आहे," ती सांगायची. "तो फक्त कपाळं चाचपतो."

सर्पदंशाची लस कुठे मिळते, हे सांगणारं एक पान मात्र फणकारलं. "नवरदेवासारख्या मुंडावळ्या मी कशाला बांधू? माझ्या पोटात जीव वाचवणारी माहिती आहे. माझ्याकडे कोण दुर्लक्ष करेल?"

आजीनं त्याचं कपाळ कोरंच सोडलं आणि ती पुढच्या पानाकडे वळली.

एका दुपारी शोधक धावत आला. "कुसूरवाडीत एका बाईला साप चावलाय. लस कुठे आहे?" तो एकेक कपाळ चाचपू लागला. "अरे, मी इथे आहे!" पान घसा फोडून ओरडलं. शोधकाचा हात त्याच्या कोऱ्या कपाळावरून फिरला आणि पुढे गेला. शेवटी तो रिकाम्या हातानं परतला.

संध्याकाळी पान मान खाली घालून आजीसमोर उभं राहिलं. आजीनं त्याच्या कपाळावर चारही गोष्टी लिहिल्या.

"आता सापडेन ना मी?"

"सापडशील," आजी म्हणाली, "पुढच्या बाईला."