मुक्या संगणकाची पूजा

एकदा एक बोलका संगणक एकाएकी मुका झाला. संगणकाने बोलणे ही आता नवलाई राहिलेली नाही, हे मला मान्य आहे. पण ज्या घरात हा संगणक होता, तिथे त्याचे बोलणे ही चैन नव्हती. तो होता कालिंदीबाई नावाच्या एका अंध वकिलांचा. पडद्यावर जे अक्षर उमटेल ते तो मोठ्याने वाची, आणि त्या आवाजावर त्यांची सारी वकिली उभी होती.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता त्यांना न्यायालयात युक्तिवाद करायचा होता. पापड लाटून घर चालवणाऱ्या बावीस बायकांना त्यांच्या कामाच्या खोलीतून हुसकावण्याचा घाट घातला गेला होता, आणि त्यांची बाजू मांडणारे कालिंदीबाईंखेरीज कुणी नव्हते. स्वतंत्रपणे लढवायचा हा त्यांचा पहिलाच दावा. दीडशे पानांचे कागद संगणकात होते. त्यांतली चाळीस पाने ऐकून झाली होती. एकेचाळिसाव्या पानापासून पुढे नुसती शांतता. घरात दुसरे माणूस म्हणजे त्यांची आई मथुराबाई. त्यांची शाळा चौथीपर्यंत आणि कागद सगळे इंग्रजीत.

दुरुस्तीला रेवती आली. गावातल्या एका वृद्ध कारागिराच्या हाताखाली ती तीन वर्षे शिकत होती. त्यांना सारे अण्णा म्हणत. रेडिओपासून संगणकापर्यंत त्यांनी आयुष्यभर यंत्रांचे रुसवे काढले होते. रेवतीजवळ पदवी होती, बुद्धी होती, आणि बुद्धिमान माणसाजवळ बहुधा असते ती घाईही होती.

“तुम्ही काय केलंत याला?” तिने आल्या आल्या मथुराबाईंना विचारले.

“काही नाही केलं गं बाई. मी कशाला त्याच्या वाटेला जाऊ?”

गिऱ्हाइकाचे ‘काही नाही केलं’ रेवतीने शंभर वेळा ऐकले होते आणि शंभरही वेळा त्यावर विश्वास ठेवला नव्हता. ती पडद्यापुढे बसली. तिथे स्पष्ट लिहिले होते, ‘हेडफोन जोडलेला आहे.’

“ताई, हेडफोन कुठाय?”

“आमच्या घरात नाहीच,” कालिंदीबाई म्हणाल्या. “कान झाकले तर दारात कोण आलं, दूध उतू गेलं, मला कळणार कसं?”

म्हणजे यंत्रही खोटे बोलते, असा रेवतीने निष्कर्ष काढला. तिने आवाज वाढवून पाहिला, पिशवीतले दुसरे स्पीकर मागे लावून पाहिले, आवाजाचा प्रोग्रॅम काढून तीन वेळा नव्याने टाकला. दुपारचे दोन वाजले. शेवटी ती म्हणाली, “ताई, फॉरमॅट करावा लागेल. तुमचे कागद सांभाळून ठेवते, पण सगळं पुसायचं, परत बसवायचं, वाचणारा प्रोग्रॅम जुळवायचा म्हणजे उद्याची दुपार होईल.”

“उद्या दुपारी त्या बायकांची पोळपाट-लाटणी रस्त्यावर असतील,” कालिंदीबाई म्हणाल्या. आवाज त्यांनी शांत ठेवला होता, पण बोटे मुक्या स्पीकरवरून पुन्हा पुन्हा फिरत होती. रेवतीला ते पाहवेना. तिने अण्णांना फोन केला.

अण्णा आले. त्यांनी कळफलकाला हातसुद्धा लावला नाही. खुर्ची ओढून बसले आणि पाणी प्यायले.

“हा शेवटचं कधी बोलला?”

“परवा संध्याकाळी,” कालिंदीबाई म्हणाल्या. “काल दसरा, म्हणून पूजेला मांडला होता. त्या दिवशी आम्ही वापरत नाही. आज सकाळी सुरू केला, तर मुका.”

“म्हणजे परवा धड होता, काल सुट्टीवर होता आणि सुट्टीतच बिघडला.” अण्णा मथुराबाईंकडे वळले. “वहिनी, कालची पूजा जरा पुन्हा करा.”

मथुराबाई त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. “अहो, पूजा काय अशी परत परत करतात? दसरा झाला की! आज एकादशी.”

“काल मला यायला जमलं नाही, असं समजा. पण जशी केलीत तश्शी हवी. काही गाळायचं नाही.”

रेवती कानाशी येऊन कुजबुजली, “अण्णा, वेळ जातोय.”

“म्हणूनच तर,” अण्णा म्हणाले.

संगणक बंद झाला, वायरी निघाल्या, संगणकाची पेटी, म्हणजे कॅबिनेट, पाटावर आले. मथुराबाईंनी ते ओल्या फडक्याने हलकेच पुसले. हळद लावली, कुंकू लावले, झेंडूचे फूल ठेवले, आपट्याचे पान ठेवले. मग डोळे मिटले, मूठभर अक्षता घेतल्या आणि लेकीच्या यशासाठी काहीतरी पुटपुटत वरून सोडल्या. लालसर तांदूळ कॅबिनेटच्या माथ्यावर टपटपले. त्या माथ्यावरच हेडफोनचे गोल भोक होते, आभाळाकडे तोंड करून.

“थांबा!” अण्णांनी हात वर केला. “रेवती, हे उलटं धर. वहिनी, शिवणाची सुई द्या.”

कॅबिनेट उलटे करून थोपटताच त्या भोकातून एक अक्षत तळहातावर पडली. ती आजची होती. मग अण्णांनी सुईच्या टोकाने हळूहळू, श्वास रोखून, आत तिरकी अडकलेली दुसरी बाहेर काढली. ती कालची होती.

वायरी जोडल्या गेल्या. संगणक सुरू झाला. कालिंदीबाईंनी कळा दाबल्या, आणि खोलीभर आवाज घुमला, “पेज फॉर्टीवन.”

“बोलला गं बाई, बोलला!” मथुराबाई अशा ओरडल्या की शेजारची दोन दारे उघडली. कालिंदीबाईंनी दोन्ही हातांनी स्पीकर धरला. त्या हसत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. रेवतीला आनंद झाला आणि लाजही वाटली.

अण्णा तिला म्हणाले, “त्या भोकात हेडफोनची पिन गेली की आतली पट्टी दबते. मग यंत्राला वाटतं, कुणीतरी कानाला लावून ऐकतंय. ते बाहेरचा आवाज बंद करतं. आज सकाळपासून ते या तांदळाच्या कानात बोलत होतं. तू ठरवलंस, यंत्र खोटं सांगतं आणि वहिनीही खोटं सांगतात. दोघांनी खरंच सांगितलं होतं. यंत्राला जे जाणवलं ते त्यानं लिहिलं. आणि वहिनींच्या लेखी पूजा म्हणजे संगणकाला काही करणं नव्हेच. त्या त्याचं भलं चिंतत होत्या. ‘काय केलंत?’ म्हटलं की माणूस आपली चूक आठवतो, आणि चूक आठवली नाही की ‘काही नाही’ म्हणतो. म्हणून तसं विचारू नये. करून दाखवा म्हणावं, आणि बघत बसावं.”

मथुराबाईंचा चेहरा पडला. “म्हणजे माझ्याच हातून झालं.”

“तुमच्या हातून पूजा झाली, वहिनी. भोक वर ठेवणाऱ्याला दसरा ठाऊक नव्हता, त्याला तुम्ही काय कराल?”

रेवती मथुराबाईंच्या पाया पडली. “आई, मी तुमचं ऐकलंच नाही. चुकलं माझं.”

दुसऱ्या दिवशी रेवती न्यायालयात मागच्या बाकावर बसली होती. कालिंदीबाईंच्या हातात एकही कागद नव्हता. रात्रभर ऐकून पाठ केलेले पानामागून पान त्या मुखोद्गत सांगत गेल्या, आणि समोरचे वकील आपल्या कागदांत ती पाने शोधत राहिले. खोली बायकांकडेच राहिली. बाहेर आल्यावर बावीस जणींनी कालिंदीबाईंना अक्षरशः उचलून घेतले.

पुढच्या दसऱ्याला मथुराबाईंनी आधी त्या भोकावर चिकटपट्टी लावली, तिलाही बोटाने हळद-कुंकू लावले आणि मग मनसोक्त अक्षता टाकल्या. रेवती शेजारी बसून सारे पाहत होती. काय करता म्हणून तिने विचारले नाही.

आपल्या घरातही कुणी एकाएकी बोलेनासे झाले, तर त्याला मुका ठरवण्याआधी पाहावे, आपण मायेनेच टाकलेली एखादी अक्षत तर आत अडकली नाही ना.