शिंगीची जीभ

"म्हशीने जीभ दाखवावी, मात्र म्हशीला कोणी हात लावू नये!"

पिंकटन साहेबाने हा हुकूम काढला आणि खारवडी बंदरातले गुरंवाले कपाळाला हात लावून बसले. लाळ-खुरकताची साथ होती. होडीतून उतरलेल्या प्रत्येक जनावराची जीभ तपासायची आणि फोड दिसले तर चाळीस दिवस समोरच्या बेटावर! पण शिवल्याने रोग पसरतो, म्हणून शिवायचं नाही. जीभ दिसलीच नाही, तरी बेट! शिवाय आजारी जनावराला ज्याचं अंग लागेल, त्याने दहा दिवस त्याच्यासोबत बेटावर काढायचे. दोन दिवसांत अकरा जनावरं बेटावर गेली.

बारावी होती मिठागरातल्या हौसाची म्हैस, शिंगी. ही बया डुंबता डुंबता ओहोटीबरोबर खाडीपलीकडे पोचली. परवा होडीतून परत आणली तर तपासणी होईपर्यंत थेट बंदरावरच्या कोंडवाड्यात! घरी तिचं आठ दिवसांचं पारडू उपाशी ओरडत होतं.

साहेब मराठी पुस्तकातून शिकलेला. तो म्हणाला, "बालिके, दुपारची तोफ होण्यापूर्वी जिह्वा दृष्टीस न पडल्यास महिषी बेटावर रवाना होईल!"

"आन् माझं पारडू काय तुमचा हुकूम चाटंल?" हौसा फणकारली.

गुप्ते कारकून खोकल्याच्या आड हसला.

वैशाखाचं ऊन मी म्हणत होतं. साहेबाने टोपी काढून टक्कल पुसलं, आणि हौसाचे डोळे चमकले. ती धावत मिठागरात गेली आणि ओलं फडकं घेऊन आली.

"साहेब, ऊन लागंल. ही घडी ठेवा डोक्यावर. आन् बसा हितं, कुंपणाला टेकून. सावली हाय."

"आहाहा! परम शीतल!" साहेब टेकला. घडीतलं खारट पाणी टकलावरून मानेवर ओघळलं. जरा बरं वाटल्यावर त्याने घडी बाजूला ठेवली.

दोन दिवस मिठाचा खडा न मिळालेल्या शिंगीने कुंपणावरून मान काढली.

सप्प! मानेपासून कपाळापर्यंत! पुन्हा सप्प! आणि तिसऱ्यांदा, कानासकट!

"अरे! धाव घ्या! स्पर्श! स्पर्श झाला!" साहेब नाचू लागला. "बालिके, तुला बेटावर धाडीन!"

"मी कुठं हात लावला? तुमालाच तिचं अंग लागलं. म्हस आजारी असंल, तर धा दिवस तिच्यासंगं तुमीच बेटावर!"

"हुकमात तसंच आहे, साहेब," गुप्ते म्हणाला. "आपल्याच सहीनिशी."



"जीभ बघितली ना?" हौसाने विचारलं.

"बघितली? मी ती संपूर्ण अनुभवली!"

"मग सांगा, जिभंवर फोड असते, तर खारट टकलाला एकदा तोंड लावून बोंब मारली असती तिनं. तिनं तर तीनदा चाटलं!"

साहेबाने टक्कल चाचपलं, बोटाची चव घेतली, आणि असा हसत सुटला की त्याला कुंपण धरावं लागलं! शिंगीच्या कागदावर तिथंच शिक्का बसला. बेटावरची अकरा जनावरं पुन्हा तपासायला बोलावली, आणि हौसाला पगारी नोकरी मिळाली, कुंपणाच्या फळीला खारं पाणी लावायची.

तोफ झाली तेव्हा शिंगी घरच्या वाटेला लागली होती आणि साहेब हसत हसत नवा हुकूम सांगत होता, "लिहा, गुप्ते! तपासणीसाठी यापुढे फळी वापरावी. साहेब वापरू नये!"