पहिला नंबर आलेली मैना

पाखरांनाही गाणं शिकावं लागे, त्या काळची गोष्ट. दयाळ पक्षी उंबरावर गाण्याचं विद्यापीठ चालवायचा. नवा सूर निघाला की मैना आधी विचारायची, "गुरुजी, हे परीक्षेला आहे?" असेल तेवढंच ती घोकायची. शेजारची बुलबुल मात्र एकाच सुरात दिवसभर रमायची आणि कशीबशी पास व्हायची.

मैनेचा पहिला नंबर आला. मग तिनं गाणं सोडलं. ऐकायला परीक्षकच नव्हते.

वर्षं गेली. एका संध्याकाळी करवंदीच्या जाळीतून असा सूर आला की मैनेचा जीव कासावीस झाला. उडत जाऊन पाहते तर बुलबुल!

"कुठं शिकलीस गं हे? मलाही शिकव ना."

बुलबुल गोंधळली. "अगं, आपल्याला परीक्षेला होतं की हे! तुला पैकीच्या पैकी मिळाले होते."