टिकली शिंपीण आणि हरणीचा वाफा

एक होती शिंपीण. कपडे शिवणारी नाही हं! पानं शिवणारी. चिमणीहून चिमुकली पक्षीण.

तिचं नाव टिकली. होतीच मुळी टिकलीएवढी. शेपटी वर, चोच पुढे. चोच कशी? सुईसारखी!

ओढ्याकाठी उंबराचं झाड होतं. टिकलीनं उंबराची दोन पानं जवळ आणली. टोच टोच भोकं पाडली. कापसाचा धागा ओवला. झालं घरटं!

घरट्यात घातली गादी. हरणीच्या केसांची गादी. मऊ मऊ, ऊन ऊन.

पण काय झालं? गादी सरकली. गादी घसरली. गादी पडली ओढ्यात.

डुबुक!

गेली वाहून.

टिकली घरट्यात बसून बघते तर काय, खालचं पान टोचतंय. "अगं बाई! आठ दिवसांत अंडी येतील. मग पिल्लं येतील. उघडी उघडी, गुलाबी गुलाबी. त्यांना टोचेल ना!"

टिकली उठली. टुण टुण, फुर्र! टिकली गेली टेकडीवर. टेकडीवर होती ठिपक्यांची हरणी. तिच्याजवळ तिचं पाडस.

टिकली म्हणाली,
"हरणीमावशी, हरणीमावशी, केस दे.
केस घरट्याला.
घरट्यात निजतील माझी पिल्लं!"

हरणी म्हणाली, "देईन की गं. पण माझं पाडस भुकेलंय. इथं नुसतं वाळकं गवत. चारा शोधत दिवसभर फिरते मी. उभी राहू कधी? आधी हिरवा चारा दे. पाडस खाईल, मी उभी राहीन. मग देईन केस."

टिकली म्हणाली, "बरं!"

टुण टुण, फुर्र! टिकली आली ओढ्याकाठी. ओढ्याकाठी होती काळी काळी माती.

"मातीआई, मातीआई, चारा दे.
चारा हरणीला.
हरणी देईल केस.
केस घरट्याला.
घरट्यात निजतील माझी पिल्लं!"

माती म्हणाली, "देईन की. पण नुसत्या मातीतून काय उगवणार? ढेकूळ? आधी बी दे. मग देईन चारा."

टिकली म्हणाली, "बरं!"

टुण टुण, फुर्र! टिकली गेली कौसाकाकूच्या घरी. काकूच्या दारात चवळीचं बी वाळत होतं. सूपभर! पण काकू बघत होती वर. डोळ्यांवर हात धरून बघत होती.

"काकू, काकू, बी दे.
बी मातीला.
माती देईल चारा.
चारा हरणीला.
हरणी देईल केस.
केस घरट्याला.
घरट्यात निजतील माझी पिल्लं!"

काकू म्हणाली, "हरणीसाठी पेरणी? ऐकावं ते नवलच! देईन गं बाई बी. पण ती बघ माझी बिजली शेळी. चढून बसलीय छपरावर. कौलं फोडेल ना माझी! आधी तिला खाली आण. मग देईन बी."

टिकली म्हणाली, "बरं!"

टुण टुण, फुर्र! टिकली गेली छपरावर. छपराच्या टोकावर बिजली उभी होती. दाढी हलवत उभी होती.

"बिजली, बिजली, खाली ये.
बिजली खाली, काकू खूश.
काकू देईल बी.
बी मातीला.
माती देईल चारा.
चारा हरणीला.
हरणी देईल केस.
केस घरट्याला.
घरट्यात निजतील माझी पिल्लं!"

बिजली म्हणाली, "बेंऽऽ! खाली काय ठेवलंय? वर कशी छान हवा! आधी बोरं दे. पिकली पिकली, लाल लाल. मग येईन खाली."

टिकली म्हणाली, "बरं!"

टुण टुण, फुर्र! टिकली गेली बोरीच्या झाडाकडे. बोर होती काट्यांची. वरच्या फांदीवर थोडीच बोरं उरली होती. लाल लाल!

"बोरीबाई, बोरीबाई, बोरं दे.
बोरं बिजलीला.
बिजली खाली, काकू खूश.
काकू देईल बी.
बी मातीला.
माती देईल चारा.
चारा हरणीला.
हरणी देईल केस.
केस घरट्याला.
घरट्यात निजतील माझी पिल्लं!"

बोर म्हणाली, "दिली असती गं. पण शेवटची बोरं भारी हट्टी. घट्ट धरून बसलीत. आधी कुणाकडून तरी माझी फांदी हलवून घे. मग पडतील बोरं."

टिकलीनं फांदीवर उडी मारली. टुण! फांदी हलली? नाही. आणखी एक उडी. टुण! फांदीला कळलंसुद्धा नाही.

टिकली म्हणाली, "बरं!"

टुण टुण, फुर्र! टिकली गेली वानरदादाकडे. वानरदादा खडकावर बसला होता. तोंड काळं, शेपूट लांब. एक पाय हातात धरून बसला होता.

"वानरदादा, वानरदादा, फांदी हलव.
फांदी हलली, बोरं पडली.
बोरं बिजलीला.
बिजली खाली, काकू खूश.
काकू देईल बी.
बी मातीला.
माती देईल चारा.
चारा हरणीला.
हरणी देईल केस.
केस घरट्याला.
घरट्यात निजतील माझी पिल्लं!"

वानर म्हणाला, "हुप! गदागदा हलवली असती. पण हे बघ, पायात काटा. आई गं! आधी कुणाकडून तरी काटा काढून दे. मग हलवीन फांदी."

टिकली म्हणाली, "ब..."

आणि थांबली.

आता कुणाकडे जायचं? टिकलीनं इकडे बघितलं. कुणी नाही. तिकडे बघितलं. कुणीच नाही. टिकली दमली होती. पंख दुखत होते. डोळ्यांत पाणी आलं. तिनं डोळे पुसले, चोच पुसली.

चोच!

"अगं बाई! सुई तर माझ्याच तोंडाला!"

वानर घाबरला. "दुखेल का?"

"थोडंसं. तू डोळे मीट आणि दहा आकडे म्हण."

"मला पाचच येतात."

"मग पाच म्हण!"

वानरानं डोळे गच्च मिटले. "एक... दोन... तीन..."

टोच! टुप्प!

"निघालासुद्धा? पण माझे पाच व्हायचेत!" असं म्हणत वानर नाचायलाच लागला. हुप हुप, हुप हुप!

मग काय!

काटा निघाला, वानर उठला.
वानरानं फांदी हलवली. गदागदा, गदागदा!
फांदी हलली, बोरं पडली. टप टप टप!
बोरं दिसली बिजलीला. बिजलीनं मारली उडी. धप्प!
बिजली खाली, काकू खूश. काकूनं दिलं बी.

टिकलीनं चोचीत बी धरलं. किती? एक. एकच मावलं.

काकू हसली. "अशानं वर्ष जाईल गं बाई! चल, मीच येते."

काकूनं ओंजळभर बी घेतलं. खुरपं घेतलं. तांब्या घेतला. दोघी गेल्या ओढ्याकाठी. काकू चालत, टिकली उडत.

काकूनं माती भुसभुशीत केली. खर्र खर्र! घोंगडीएवढा छोटासा वाफा केला. टिकलीनं चोचीनं भोकं पाडली. टोच टोच टोच! काकूनं एकेका भोकात एकेक बी टाकलं. टिकलीनं पायानं माती लोटली. काकूनं तांब्यानं पाणी घातलं. झुळझुळ झुळझुळ!

"आयुष्यभर पेरणी केली मी," काकू म्हणाली. "हरणासाठी पहिल्यांदाच!"

बी मातीत गेलं. टिकली वाफ्याशेजारी बसली.

"मातीआई, आला का चारा?"

"थांब."

एक दिवस गेला.

"मातीआई, आला का चारा?"

"थांब गं!"

दोन दिवस गेले. रोज काकू यायची. रोज पाणी घालायची. झुळझुळ झुळझुळ!

तिसऱ्या दिवशी माती फुगली. इथे फुगली, तिथे फुगली.

चौथ्या दिवशी आले कोंब. वाकलेले, मान खाली घातलेले.

आणि सहाव्या दिवशी? वाफा हिरवागार! दोन दोन पानं, दोन दोन पानं. जिकडे तिकडे पानं!

टिकलीला झाला आनंद. पण आनंद झाला आणखी कुणाला तरी.

"बेंऽऽ!"

बिजली! दाढी हलवत आली. डोळे वाफ्यावर. तोंड वाफ्यावर.

टिकली मधे उभी राहिली. शेपटी वर, पिसं फुगवून. "मागे हो! हा चारा पाडसाचा!"

"तू केवढी, मी केवढी!" बिजली म्हणाली. आणि तिनं तोंड घातलं.

टोच! बसली नाकावर.

"बेंऽऽ!"

टोच! बसली कानावर.

"बेंऽऽ! बेंऽऽ!"

आरडाओरडा ऐकून काकू धावत आली. "बिजले! लाज नाही वाटत? बोरं खाऊन पोट भरलं नाही होय गं?" काकूनं बिजलीला ओढत नेलं. बांधलं खुंट्याला.

वाफा वाचला!

टुण टुण, फुर्र! टिकली गेली टेकडीवर. "हरणीमावशी, चल. हिरवा चारा आला!"

सकाळ झाली. ओढ्यावर धुकं होतं. काकू उंबरामागे लपली. टिकली फांदीवर बसली. दोघी गप्प. एकदम गप्प.

टप... टप... टप...

आधी दिसले कान. मग दिसले ठिपके. मग दिसली अख्खी हरणी. तिच्यामागे पाडस, बारीक बारीक पायांचं.

पाडसानं वास घेतला. एक पान खाल्लं. मग दुसरं. मग मान वर केलीच नाही! कुरुम कुरुम, कुरुम कुरुम!

काकूनं तोंडावर हात धरला. इतक्या जवळून हरण? कधीच बघितलं नव्हतं तिनं.

पाडस खात राहिलं. हरणी उभी राहिली. अगदी स्वस्थ उभी राहिली.

"घे गं टिकले," हरणी म्हणाली. "पोटाखालचे घे. तेच सगळ्यात मऊ."

टिकली पोटाखाली गेली. एक केस घेतला. दोन घेतले. तीन घेतले.

"हीऽऽ ही ही!" हरणी हसली. "गुदगुल्या होतात गं!"

"हलू नकोस मावशी!"

"हीऽऽ ही ही ही!"

हरणी हसली, तसं पाडस हसलं. पाडस हसलं, तशी उंबरामागची काकूही हसली. खुदकन!

टिकलीनं चोच भरून केस नेले. पुन्हा आली, पुन्हा नेले. घरट्यात अंथरले. वर बसून बघितलं. टोचतंय का?

नाही! मऊ मऊ, ऊन ऊन.

दुसऱ्याच दिवशी घरट्यात आली अंडी. एक, दोन, तीन. आणि काही दिवसांनी? चिवचिव, चिवचिव, चिवचिव! तीन पिल्लं, उघडी उघडी, गुलाबी गुलाबी. गादीत शिरून गाढ झोपली.

आणि वाफ्याचं काय झालं? पाडसानं एकही पान ठेवलं नाही.

काकूनं पदर खोचला. खुरपं उचललं. म्हणाली, "आता दोन घोंगड्यांएवढा करू!"

वाफा झाला फस्त,
पिल्लं झोपली स्वस्थ,
आता तुम्हीही मिटा डोळे,
गोष्ट झाली मस्त!