रांजणाच्या तळचे पाणी

खडकवेळ नावाचे गाव एका उजाड माळाच्या तोंडाशी वसले होते. तिथे वेशीबाहेर, वडाच्या सावलीत, सोमगिरी महाराजांचा मठ होता. मठ कसला, कुडाच्या भिंती आणि वर गवताचे छप्पर! पण दारी आलेला तहानलेला माघारी गेला, असे महाराजांच्या हयातीत कधी घडले नाही.

मठात वाटसरूंना पाणी देण्याची सेवा मल्हणदेवांकडे होती. हे मल्हणदेव म्हणजे हेमकूटच्या प्राचीन राज्याचे शेवटचे राजे. पूर्वेच्या सम्राटाने हेमकूट जिंकले, प्रजेतील कितीतरी लोक बेड्या घालून नेले. राजांचा धाकटा भाऊ अजयदेव सम्राटाच्या सेनापती रणधवलाच्या हातून मारला गेला. स्वतः राजे घायाळ होऊन माळावर पडले होते. महाराजांनी त्यांना मठात आणले, त्यांच्या जखमा धुतल्या. राजे बरे झाल्यावर महाराज म्हणाले, "मल्हणा, आजवर लोकांनी तुला पाणी दिले. आता तू लोकांना दे."

एका कडक उन्हाळ्यात तोच रणधवल फौज घेऊन मठापाशी आला. पाण्याचा तांब्या पुढे करणारा माणूस त्याने ओळखला आणि तो मोठ्याने हसला.

"अरे, हे तर हेमकूटचे राजे! सिंहासन गेले आणि रांजण मिळाला वाटते!"

त्याने तांब्या उडवून दिला. "तुझ्या हातचे पाणी पिण्यापेक्षा तहानेने मेलेले बरे."

महाराज शांतपणे म्हणाले, "सेनापती, पुढची विहीर आटली आहे. इथूनच, गावाजवळच्या झऱ्याच्या पाण्याने पखाली भरून घ्या."

"गोसाव्याने फौजेला वाट दाखवावी, अशी वेळ अजून आलेली नाही," असे म्हणून रणधवलाने घोड्याला टाच मारली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तीच फौज परतली. विहीर खरोखरच कोरडी निघाली होती. घोडे तोंडाला फेस येऊन कोसळत होते. रणधवलाचे ओठ फुटले होते, त्याच्याने बोलवत नव्हते. आणि आदल्या रात्री गावाजवळचा झराही आटला होता.

मल्हणदेव आत आले. "महाराज, रांजणाच्या तळाशी थोडे पाणी आहे. ते तुमच्यासाठी राखले आहे."

"बाहेर कोण आले आहे?"

"माझ्या अजयला मारणारा." त्यांनी मान फिरवली. "महाराज, माझा हात उठत नाही."

"मी तुला आज्ञा करणार नाही, मल्हणा. रांजण तुझ्या स्वाधीन आहे," एवढेच बोलून महाराजांनी डोळे मिटले.

मल्हणदेव रांजणाशी येऊन उभे राहिले. समोर धुळीत पडलेला एक शिपाई "आई गं" म्हणून विव्हळत होता. राजांनी तांब्या बुडवला आणि त्याच्या ओठांना लावला. मग ते सरळ रणधवलापाशी गेले. "घ्या, सेनापती. सावकाश प्या."

त्यानंतर दुसरा शिपाई आला, तिसरा आला, रांग लागली. माणसे झाली, घोडे झाले. खांदा भरून आला तेव्हा कुठे मल्हणदेवांनी रांजणात डोकावून पाहिले. पाणी होते तेवढेच तळाशी होते! काय ही गुरुकृपा! "महाराज!" म्हणून त्यांनी हाक मारली.

रणधवल लटपटत आला आणि महाराजांच्या पायांवर पडू लागला. महाराजांनी पाय मागे घेतले. "मी कुठे पाणी दिले? ज्याने दिले त्याला वंदन कर."

रणधवल वळला. "राजे, राज्य परत देणे माझ्या हाती नाही. दुसरे काहीही मागा."

"राज्य गेले ते गेले," मल्हणदेव म्हणाले. "माझी माणसे तुमच्या छावणीत बेड्यांत आहेत. त्यांना घरी जाऊ द्या."

"आजच सोडतो," रणधवल म्हणाला. त्याने डोक्यावरचे शिरस्त्राण उतरवून जमिनीवर ठेवले आणि सगळ्या फौजेदेखत त्या पाणी देणाऱ्या सेवेकऱ्याच्या पायांवर मस्तक टेकले.